सिगारेटच्या पाकिटातल्या नट्या : १८८० च्या दशकातली फोटो-कार्डं ओळखायची कशी, जपायची कशी

कागदवेडी

मंडळी, जुन्या फोटोंच्या धाग्यावर सिगारेट-कार्डांचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा किमतीच्या चर्चेत वाहून गेला. म्हणून हा स्वतंत्र धागा. इथे फक्त अमेरिकेतली, १८८० च्या दशकातली, नट्यांचे अस्सल फोटो चिकटवलेली कार्डं घेऊ. रंगीत छापील कार्डं तुलनेपुरती आली तर चालतील.

थोडी पार्श्वभूमी. त्या काळी सिगारेटचं पाकीट म्हणजे पातळ कागदाची पुडी. खिशात दाबली गेली की आतल्या सिगारेटी मोडायच्या, म्हणून आधाराला पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्र लावायचं, हीच सगळी कल्पना. ती इतकी फोफावली त्याला कारण मात्र कर आणि यंत्र. मार्च १८८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सिगारेटींवरचा कर हजारी १.७५ डॉलरवरून ५० सेंटवर आणला. ड्यूक कंपनीने दहा सिगारेटींचं पाकीट दहाऐवजी पाच सेंटला विकायला काढलं. मग १८८४ मध्ये तिने सिगारेटी वळणारं बोन्सॅकचं यंत्र कामाला लावलं. हाताने वळणारा कामगार दिवसाला तीनेक हजार सिगारेटी करायचा, यंत्र सव्वा लाखाच्या आसपास. एवढा माल खपवायचा, तर गिऱ्हाइकाला उद्या पुन्हा तेच पाकीट घ्यावंसं वाटलं पाहिजे. पाकिटात आज कोणती नटी निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, यात ते साधलं.

कंपन्या मुख्यतः पाच : रिचमंडची ॲलन अँड गिंटर, डरहॅमची डब्ल्यू. ड्यूक सन्स, न्यूयॉर्कच्या किनी ब्रदर्स आणि गुडविन, रॉचेस्टरची किंबॉल. १८९० मध्ये या पाचही एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली.

माझं म्हणणं एवढंच की या कार्डांचा अभ्यास उलट्या टोकाने होतो. हातात कार्ड आलं की पहिला प्रश्न येतो, ‘ही कोण?’ तो शेवटी यायला हवा. आधी कागद, मग कंपनीची ओळ, मग चेहरा. कागद चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

एक नमुना. किनीच्या ‘स्वीट कॅपोरल’चं कार्ड साधारण ६.६ × ३.८ सेंमी, म्हणजे आगपेटीपेक्षा जरासं मोठं. खाली ब्रँडचं नाव, मागची बाजू कोरी. खिडकीजवळ ते डोळ्यांच्या पातळीला आडवं धरा आणि हळूहळू तिरकं करा. एका ठरावीक कोनात चेहरा नाहीसा होतो आणि सगळ्या पृष्ठभागावर चिनी मातीच्या जुन्या बशीवर असतात तसे केसाएवढे तडे उमटतात. काळे केस काळे नसून जांभळट तपकिरी असतात, आणि गळ्याजवळच्या पांढऱ्या लेसला हस्तिदंती पिवळेपणा असतो. या तीन खुणा एकत्र दिसल्या की अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला फोटो, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट हातात आहे असं समजून पुढे जायला हरकत नाही.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर स्पष्ट सांगावं.

---

भिंगवाला

धागा काढलात ते फार बरं झालं. कागदापासून सुरुवात करायची हे अगदी पटलं. भिंगाखाली काय पाहायचं ते सविस्तर लिहितो.

दहापटीचं सोनाराचं भिंग पुरतं, तीसपटीचं असेल तर उत्तम. प्रकाश बाजूने, वरून नको.

अल्ब्युमेन प्रिंटमध्ये चकचकीत थराखाली कागदाचे तंतू दिसतात. कागद आणि प्रतिमा यांच्यामध्ये बॅरायटाचा पांढरा लेप नसतो, त्यामुळे नजर सरळ तंतूंपर्यंत पोचते. गालाच्या उजळ भागात पाहा, तिथे सर्वांत स्पष्ट. तंतू अजिबात दिसत नसतील, पृष्ठभाग दुधाळ गुळगुळीत असेल, तर तो जिलेटिन किंवा कोलोडियनचा बॅरायटा असलेला कागद. तो १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरत गेला आणि १८९० च्या दशकात त्याने अल्ब्युमेनला मागे टाकलं. म्हणजे इथेच तारखेचा एक अंदाज मिळतो.

रांगेत मांडलेले ठिपके दिसले तर तो हाफटोन ब्लॉक, म्हणजे छपाई. ठिपके आहेत पण रांग नाही, वेगवेगळ्या रंगांचे हाताने टाकल्यासारखे विखुरलेले आहेत, तर ती दगडावरची रंगीत शिळाछपाई. ॲलन अँड गिंटरची ‘वर्ल्ड्स ब्यूटीज’ ही मालिका याच प्रकारची. नट्यांच्या कार्डांसोबत विकायला मांडलेली असते म्हणून तिलाही लोक फोटो म्हणतात, पण तो फोटो नव्हे.

फसवतात ते छपाईचे दोन प्रकार. वुडबरीटाइपमध्ये ठिपके नसतात, रंगही तसाच जांभळट तपकिरी, आणि तोही पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच असतो. फरक दोन. त्याच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा येत नाही, कारण प्रतिमा चांदीची नसून जिलेटिनमध्ये मिसळलेल्या रंगद्रव्याची असते. आणि बाजूने उजेड टाकला की गडद भाग किंचित उंच दिसतात, कारण तिथे जिलेटिनचा थर जाड बसलेला असतो. दुसरा कोलोटाइप. त्यात बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्यांची जाळी दिसते, किड्याने लाकडावर माग काढावा तशी. हा दाणा एकदा डोळ्यांत बसला की मग चूक होत नाही.

नकली कार्डांसाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. साधारण १९५० नंतरच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालतात, ती या प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. १८८० च्या दशकातला कागद मंदच राहतो. मात्र फक्त पुढची बाजू तपासून थांबू नका. जुन्या पुठ्ठ्यावर नवा प्रिंट चिकटवलेला असू शकतो, तसंच जुन्या प्रिंटला मागून नवा कागद लावून ‘मजबूत’ केलेलं असू शकतं. दोन्ही बाजू आणि चारही कडा पाहा. अस्सल पुठ्ठ्याचा तपकिरी रंग कडेच्या आतपर्यंत गेलेला असतो, नुसता वरवर नसतो.

पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती अजून कुठे कुठे वाचायला मिळते. ती करू नका. थेंबाचा डाग कायमचा राहतो.

---

सावली

भिंगवाला, सुरेख लिहिलंत. ही कार्डं बनायची कशी ते आता लिहिते, कारण त्यातले बरेच दोष बनवतानाच पडलेले असतात आणि आपण ते नंतरच्या काळाच्या माथी मारतो.

मूळ फोटो स्टुडिओतला, बहुधा कॅबिनेट आकाराचा (पुठ्ठा साधारण १०८ × १६५ मिमी). तो लोकांना विकण्यासाठीच काढलेला असायचा. कार्डासाठी असे बरेच फोटो एका मोठ्या बोर्डावर ओळीने लावायचे, खाली नावाची आणि ब्रँडची पट्टी चिकटवायची आणि सगळा बोर्ड पुन्हा काचेच्या निगेटिव्हवर टिपायचा. त्या निगेटिव्हखाली अल्ब्युमेन कागद ठेवून उन्हात छापायचं. म्हणजे कार्डावरचा फोटो हा फोटोचा फोटो. त्यामुळे सावल्या भरून येतात, कपड्यांच्या चुण्या हरवतात, चेहरा मूळ कॅबिनेटपेक्षा सपाट दिसतो. पुष्कळ लोक याला ‘फिकं पडलंय’ म्हणतात. फिकं पडलेलं आणि पहिल्यापासून सपाट असलेलं यात फरक असा : फिक्या पडलेल्या प्रिंटमध्ये उजळ भागातले तपशील आधी जातात (लेस, मोती, कपाळ) आणि गडद भाग पिवळट तपकिरी होतात. सपाट छापलेल्यात गडद भाग अजून जांभळट आणि भरीव असतात.

अक्षरांकडेही पाहा. अक्षरं पांढरी असतील तर ती निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने लिहिलेली असतात. शाईने प्रकाश अडवला, तिथे कागद पांढरा राहिला. निगेटिव्हचा थर खरवडून लिहिलं तर अक्षरं काळी येतात. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याला अक्षरं उलटी काढावी लागत, म्हणून एखादं अक्षर आरशातल्यासारखं राहून गेलेलं सापडतं. तो बनावटीचा पुरावा नव्हे.

आता कागद. अंड्याचा पांढरा बलक फेसून, निवळून, त्यात अमोनियम क्लोराइडसारखं मीठ घालून त्यावर पातळ कागद तरंगवायचा आणि वाळवायचा. नंतर तोच कागद सिल्व्हर नायट्रेटच्या साधारण १० ते १२ टक्के द्रावणावर दोन-तीन मिनिटं तरंगवला की तो प्रकाशाला संवेदनशील होतो. उन्हात छापल्यावर गोल्ड क्लोराइडमध्ये टोनिंग, मग हायपो (फोटो पक्का करणारं रसायन), मग भरपूर धुणं, मग खळ लावून पुठ्ठ्यावर. जांभळट छटा येते ती सोन्याच्या टोनिंगमुळे.

बहुतेक स्टुडिओ अल्ब्युमेन कागद तयार विकत घेत. त्याचं मोठं केंद्र होतं जर्मनीतलं ड्रेस्डेन. तिथल्या एका मोठ्या कारखान्याने १८८८ या एका वर्षात १८,६७४ रीम कागद काढला. एका रीमला (४८० ताव) सत्तावीस डझन अंडी धरली तर ही साठ लाखांहून जास्त अंडी होतात. पाच सेंटच्या पाकिटातल्या फुकट कार्डामागे एवढा पसारा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ताव सहसा ४६ × ५८ सेंमीचा. ३.८ × ६.६ सेंमीची कार्डं मांडली तर आडवी बारा, उभी आठ, म्हणजे ९६. पण उन्हात एक प्रिंट उतरायला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो, ढग आले की आणखी. लाखांनी कार्डं काढायची तर एकाच बोर्डाच्या अनेक निगेटिव्ह हव्यात. म्हणून एकाच नटीच्या एकाच पोजची दोन कार्डं शेजारी ठेवली तर काठ वेगळे कापलेले, अक्षरांची जागा किंचित हललेली, असं आढळतं.

आणि धुण्याची घाई. हायपो नीट निघाला नाही तर तो हळूहळू चांदीचं सल्फाइड करतो आणि फोटो पिवळा पडतो. एकाच मालिकेतलं एक कार्ड ठणठणीत आणि दुसरं मेलेलं, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की दुसरं वीस मिनिटं कमी धुतलं गेलं.

---

केतकीपान

फार छान माहिती. एक शंका. काही कार्डांना सगळीकडून गुलाबी छटा असते. ती कोणी वरून रंगवलेली असते का?

---

सावली

केतकीपान, नाही. १८७० आणि ८० च्या दशकात अल्ब्युमेनमध्येच गुलाबी किंवा जांभळा रंग मिसळून कागद विकत. पांढऱ्या भागाचा पिवळेपणा झाकायला आणि त्वचेला उबदार छटा द्यायला तो उपयोगी पडायचा. हा रंग उजेडात उडतो. कार्ड अल्बमच्या खाचेत राहिलं असेल तर खाचेखालची कड गुलाबी आणि मधला भाग पिवळट अशी चौकट दिसते. ती चौकट पुसून ‘एकसारखी’ करायचा प्रयत्न करू नये, कार्ड किती उजेडात राहिलं याची ती नोंदच आहे. वरून हाताने रंगवलेलं कार्ड वेगळं कळतं. त्यात रंग गालावर, ओठांवर, फितीवर असा तुकड्या-तुकड्याने असतो आणि भिंगाखाली ब्रशच्या कडा दिसतात.

---

शाईदौत

कंपन्यांना हे फोटो मिळायचे कुठून आणि कोणत्या हक्काने, हा भाग मी घेतो. कार्डाच्या कडेला कधी बारीक अक्षरांत कॉपीराइटची ओळ दिसते, कधी नसते, त्याचा उलगडा यात आहे.

न्यूयॉर्कचा नेपोलियन सरोनी, युनियन स्क्वेअरवरचा. नटनट्यांचे फोटो काढून ते विकण्याचा हक्क मिळावा म्हणून तो त्यांना पैसे मोजायचा. सारा बर्नहार्टला १,५०० आणि लिली लँगट्रीला ५,००० डॉलर दिल्याचं सांगितलं जातं. जानेवारी १८८२ मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले. त्यातल्या १८ क्रमांकाच्या फोटोच्या ८५,००० प्रती बरो-जाइल्स लिथोग्राफिक कंपनीने परवानगीविना छापल्या. फोटो काढणं हे यंत्राचं काम, त्यात निर्मिती कसली, असा कंपनीचा बचाव. मार्च १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : पोज, पोशाख, पडदा, उजेड-सावली यांची योजना फोटोग्राफरने केली, म्हणून तो लेखक ठरतो. सरोनीला ६१० डॉलर भरपाई मिळाली. रक्कम लहान दिसते, पण फोटोग्राफरांच्या हातात हत्यार आलं. बी. जे. फॉक या न्यूयॉर्कच्याच फोटोग्राफरने पुढे असे बरेच खटले लढवले. त्यातल्या एकात तर त्याचा फोटो खुर्चीच्या चामड्यावर उठवला होता.

म्हणून १८८४ नंतरच्या कार्डावर फोटोग्राफरचं नाव किंवा कंपनीची स्वतःची कॉपीराइट ओळ असेल तर तिचं वर्ष जरूर टिपून ठेवा. पण ते फोटो नोंदवल्याचं वर्ष आहे, कार्ड निघाल्याचं नव्हे. कार्ड त्या वर्षीचं किंवा नंतरचं, एवढंच ठरतं.

मात्र हा सगळा हक्क फोटोग्राफरचा. जिचा चेहरा, तिला कायद्यात जवळजवळ काहीच स्थान नव्हतं. काही ठिकाणी परवानगी घेतलेली दिसते. अटलांटात ड्यूकचा विक्रेता एडवर्ड स्मॉल याने मादाम रेआ या नटीच्या संमतीने तिचं मोठं चित्र जाहिरातीत वापरलं. पण पाकिटातल्या शेकडो नट्यांचं काय? १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात मॅरियन मॅनोला टाइट्स घालून भूमिका करत होती. फोटो काढू द्यायला तिने नकार दिला होता, तरी प्रेक्षागृहातल्या बॉक्समधून फ्लॅश उडवून तिचा फोटो घेतला गेला. ती न्यायालयात गेली. व्यवस्थापक स्टीव्हन्स आणि फोटोग्राफर मायर्स यांना तो फोटो वापरायला मनाई झाली. त्याच वर्षी डिसेंबरात वॉरन आणि ब्रँडाइस या वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या प्रकरणाचा उल्लेख आहे. न्यूयॉर्क राज्यात परवानगीविना चेहरा जाहिरातीत वापरण्याविरुद्ध कायदा व्हायला १९०३ उजाडलं.

ड्यूकांच्या घरातूनही विरोध झाला. ऑक्टोबर १८९४ मध्ये म्हाताऱ्या वॉशिंग्टन ड्यूकने मुलाला, जेम्स ड्यूकला, पत्र लिहून सिगारेटींसोबतचे असे फोटो बंद करायला सांगितलं. एका धर्मोपदेशकाचं तक्रारीचं पत्रही त्याने सोबत जोडलं होतं.

ही कार्डं पाहताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. त्या बायका कसबी कलाकार होत्या, त्यांचा चेहरा विकून पैसा झाला आणि त्यातला फार थोडा त्यांच्यापर्यंत पोचला.

---

फडताळ

शाईदौत यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. मला ओळख आणि नोंदणी यावर लिहायचंय.

यादीचा आधार एकच : जेफरसन बर्डिक. सिराक्यूजचा हा माणूस. तीन लाखांहून जास्त कार्डं आणि कागदी वस्तू जमवून त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या, आणि शेवटी संधिवाताने हात आखडले तरी स्वतः बसून त्या अल्बमांत लावल्या. काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं, मार्चमध्ये तो वारला. त्याच्या यादीत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी तंबाखू-कार्डांना ‘एन’ हे अक्षर आहे. नट्यांसाठी लक्षात ठेवायचे तीन आकडे : एन ४५ म्हणजे ॲलन अँड गिंटरची ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’, एन १४५ म्हणजे ड्यूक, एन २४५ म्हणजे किनीची ‘स्वीट कॅपोरल’. ४५, १४५, २४५, पाठ व्हायला सोपं. एन ४५ आणि १४५ मध्ये रचनेप्रमाणे उपप्रकार आहेत. चौकट आहे की नाही, नाव कुठे आहे, ब्रँड कोणता, यावरून ते ठरतात. म्हणून नोंद करताना ओळ जशीच्या तशी, अक्षरांच्या लहानमोठेपणासकट लिहून घ्यावी.

आता चेहरा. अनेक कार्डांवर नावच नाही, आणि असलेलं नाव बरोबरच असेल असं नाही. पडताळायला लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आणि मेट्रोपॉलिटनचे ऑनलाइन संग्रह आहेत. हे करताना नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

केसांवरून ओळखू नका. टोप आणि कुरळी झालर सगळ्यांचीच सारखी. कानाची पाळी, नाकाखालची खळी, कपाळावरची केसांची रेषा हे बदलत नाही. निगेटिव्हवर सुरकुत्या पुसायची पद्धत होती, त्यामुळे वयाचा अंदाजही भरवशाचा नाही.

फोटो उलटा आहे का ते पाहा. फेर-छायाचित्रणात डावं-उजवं बदललेलं सापडतं. बटणांवरून ठरवायला जाऊ नका, कारण बर्लेस्कमध्ये (नाचगाण्यांच्या विडंबन-नाटकांत) नट्या पुरुषांचे पोशाख सर्रास घालत आणि त्यात बटणांची बाजू पुरुषी असते. त्यापेक्षा मागचा पडदा, खुर्ची, कठडा मूळ कॅबिनेट फोटोशी जुळवा. आणि पोशाख नाटकातला असला तरी फोटो रंगमंचावरचा समजू नका. फॉकने १८८३ मध्ये विजेच्या उजेडात मॅडिसन स्क्वेअर थिएटरात अख्ख्या नटसंचाचा फोटो घेतला तेव्हा ती नवलाई होती. कार्डांवरचं ‘जंगल’ जवळजवळ नेहमी स्टुडिओतल्या पडद्यावरचं असतं.

नाव कोणतं छापलंय यावरूनही काळ कळतो. मिनी मॅडर्नने मार्च १८९० मध्ये हॅरिसन ग्रे फिस्कशी लग्न केलं आणि नंतर ती मिसेस फिस्क म्हणून रंगमंचावर परतली. कार्डावर नुसतं मॅडर्न असेल तर फोटो त्याआधीचा मानायला जागा आहे. लँगट्रीला ‘लिली’च्या दोन स्पेलिंगांनी आणि ‘मिसेस लँगट्री’ असं तिन्ही प्रकारे शोधा. लिलियन रसेल हे रंगमंचावरचं नाव, मूळची हेलन लुईझ लिओनार्ड.

स्कॅन करताना १२०० पीपीआय (इंचाला १२०० पिक्सेल) ठेवा. कार्डाची प्रतिमा साधारण ३१५० × १८०० पिक्सेलची येते, १६ बिट टिफमध्ये ३४ एमबीच्या आसपास. झाकण दाबू नका. वाकलेलं कार्ड काचेवर दाबलं की तडे रुंदावतात. पहिला स्कॅन जसा आला तसा ठेवा, पिवळेपणा काढायचा तर दुसऱ्या प्रतीत.

---

केतकीपान

अजून दोन प्रश्न. अशी काही कार्डं जुन्या अल्बमच्या काळ्या कागदावर पूर्ण चिकटवलेली आहेत. कोमट पाण्यात भिजवून सोडवावीत असं एका ठिकाणी वाचलं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात ठेवायची कशी?

---

सावली

केतकीपान, पाण्यात अजिबात घालू नका. तो सल्ला रंगीत शिळाछापील कार्डांसाठीचा आहे. तिथे छपाईच्या शाईला पाणी सहन होतं म्हणून काही संग्राहक तसं करतात. फोटो-कार्डात तीन थर आहेत : अल्ब्युमेन, त्याचा पातळ कागद आणि पुठ्ठा. तिघे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि वाळताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. तडे वाढतात, चकाकी जाते. शिवाय फोटो पुठ्ठ्याला धरून ठेवणारी खळ सुटते आणि हातात दोन तुकडे येतात.

त्याऐवजी कार्डाभोवती सेंटीमीटरभर जागा सोडून अल्बमचं पानच कापा आणि कार्ड पानासकट ठेवा. त्याआधी पूर्ण पानाचा फोटो काढा. कोणतं कार्ड कोणाशेजारी लावलं होतं ही माहिती नंतर परत मिळत नाही. कार्ड खरोखर मोलाचं असेल तर कागद-संवर्धकाकडेच द्या.

---

भिंगवाला

पावसाळ्याचं मी सांगतो.

हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत हवी, आणि ती स्थिर राहणं त्याहून महत्त्वाचं. मुंबईत जुलैमध्ये ती ८०-९० असते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा लागतोच. त्यात प्रत्येक कार्ड आम्लमुक्त, लिग्निनविरहित आणि क्षार न मिसळलेल्या कागदाच्या चार घड्यांच्या पाकिटात. क्षारमिश्रित कागद इतर कागदपत्रांना चांगला, पण अल्ब्युमेनला साधा उदासीन कागद बरा. पाहण्यासाठी हाताळायचं असेल तेव्हा पॉलिएस्टरची स्वच्छ खोळ चालेल. पीव्हीसीची पाकिटं, ती नाण्यांच्या अल्बममधली मऊ आणि वास येणारी, कधीच नकोत. रबरबँडही नको, त्यातलं गंधक चांदी काळवंडतं.

सिलिका जेलचं संवर्धनातलं प्रमाण घनमीटरला २० किलो, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. भट्टीत पूर्ण सुकवलेलं जेल सरळ डब्यात टाकलं की आर्द्रता २० च्याही खाली जाते. अल्ब्युमेन कागदापेक्षा जास्त आकसतं, कार्ड चेहऱ्याच्या बाजूने आत वळतं आणि नवे तडे पडतात. पावसाळ्यापासून वाचवायला जाऊन असं नुकसान होतं. म्हणून जेल आधी ४५-५० टक्के आर्द्रतेच्या एसी खोलीत परातीत पसरून एक-दोन आठवडे ठेवा, रोज हलवा, आणि मग डब्यात घाला. रंग बदलणारं जेल ‘ओलं’ किंवा ‘सुकं’ एवढंच सांगतं, ४५ कधी झालं ते सांगत नाही. त्याला आर्द्रतामापक हवा.

स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी चुकतो, तो घरीच तपासता येतो. बाटलीच्या टोपणात चमचाभर साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळवू नका), आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवा. ७० दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यात पाच मिळवायचे.

कसर ही दुसरी शत्रू. खळ आणि अंड्याचा पांढरा बलक, दोन्ही तिचं खाणं. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका आणि कडुलिंबाचा पालाही नको, त्यातून ओल येते. डबा कोरडा आणि बंद असेल, दर दोन महिन्यांनी उघडून पाहिला जात असेल, तर ती टिकत नाही.

---

कागदवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. आपल्याकडे जुन्या बाजारात नट्यांची कार्डं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच कार्डांच्या मागे ‘सिझर्स’ सिगारेटचं नाव असतं. ती विल्स या ब्रिटिश कंपनीची, हिंदुस्थानात खपणाऱ्या ब्रँडची आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. चेहरे युरोपीय, पोशाखही जुना वाटतो, म्हणून विक्रेता सहज ‘१८८० सालचं’ म्हणतो. भिंग लावा : अल्ब्युमेनचे तडे आणि तंतू दिसणार नाहीत, छपाई दिसेल. ती कार्डंही जपण्यासारखी आहेत, पण ती वेगळ्या खणात. आपल्या रंगभूमीवरच्या नट्यांची तेव्हाची कार्डं कोणी शोधत असेल तर लक्षात ठेवावं की १८८० च्या दशकात किर्लोस्कर मंडळींसारख्या संगीत नाटक कंपन्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत. त्या काळचा फोटो भाऊराव कोल्हटकरांचा मिळेल, नटीचा नव्हे.

---

फडताळ

त्याला जोडून. परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल करायच्या आधी १९७२ चा पुरावशेष कायदा वाचा. शंभर वर्षांहून जुन्या कलाकृती त्यात ‘पुरावशेष’ ठरू शकतात, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. शंका असेल तर टपालात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, ही वस्तू पुरावशेष नाही, असं प्रमाणपत्र मागा. अर्जासोबत दोन्ही बाजूंचे फोटो आणि मापं लागतील, तेव्हा वर सांगितलेला स्कॅन तयार ठेवा.

---

केतकीपान

पान कापून घेतलं तर मागच्या बाजूला चिकटवलेल्या कार्डाचं काय? काही पानांवर दोन्हीकडे आहेत.

---

सावली

मग पान कापूच नका. अख्खं पान तसंच ठेवा, दोन्ही बाजूंना पानापेक्षा थोडा मोठा आम्लमुक्त कागद, आणि सगळं सपाट, उभं नाही. वर वजन ठेवायचं नाही. पानं एकमेकांवर रचायची तर दहाच्या वर नको, आणि प्रत्येक पानाच्या कागदावर मऊ पेन्सिलीने दोन्ही बाजूंच्या कार्डांचे क्रमांक लिहा, कागद पानाभोवती घालायच्या आधी, म्हणजे पेन्सिलीचा दाब फोटोवर येणार नाही.